बॉनेट न उघडलेला रविवार

नीलम नगरात मागच्या उन्हाळ्यात एक बातमी फिरली. प्रभुलिंग अण्णांनी म्हणे गळ्यातलं इष्टलिंग सोडलं आणि गाडीच्या इंजिनाला बांधलं.

बातमी सिद्धेश्वरीच्या किराणा दुकानातून निघाली. ही बाई गुपित सांगायच्या आधी पदर तोंडाशी धरते आणि मग बोलते ते असं, की समोरच्या कारखान्यात माग चालू असले तरी ऐकू जावं. "माझ्या भाच्यानं ह्या डोळ्यांनी बघितलंय की! वळसंगच्या रस्त्याला. कपाळाला विभूती, गाडीचं तोंड उघडं, आणि अण्णा आपले पांढरा दोरा गुंडाळायलेत. छातीजवळनंच काढला म्हणे दोरा. आता छातीजवळ दुसरं काय असतंय, सांगा मला?" संध्याकाळपर्यंत त्यात कापूर आला, बेलाचं पान आलं, आणि नळाला पाणी येईस्तोवर गाडी किल्ली न लावता आपोआप सुरू झाली होती.

यातलं खरं एवढंच, की अण्णा वळसंगच्या रस्त्यावर उभे होते आणि कपाळाला विभूती होती. त्यांचं लिंग चांदीच्या करंड्यात आणि करंडा सदऱ्याच्या आत, छातीवर. तो आंघोळीलासुद्धा गळ्यातून उतरत नाही, तो गाडीसाठी उतरेल होय? दोरा होता मागाचा. अण्णांच्या वरच्या खिशात मागाच्या दोरीची एक गुंडाळी कायम असते. दुसऱ्यांच्या खिशात तंबाखूची पुडी असते तशी. आणि दोरीनं बांधली होती ती गाडीची कॉईल.

कॉईल म्हणजे स्टीलच्या पेल्याएवढी एक गोल डबी. आत तेल, वर तीन वायरी. बॅटरीचं व्होल्टेज ती वाढवते आणि इंजिनात ठिणगी पडते. ती पत्र्याच्या पट्टीनं घट्ट बसलेली असावी लागते. हलली की वायर निघते, वायर निघाली की ठिणगी गेली, आणि ठिणगी गेली की गाडी जिथं असेल तिथं म्हशीसारखी बसली.

बातमी अण्णांच्या कानावर आली तेव्हा ते दाराशी खुर्चीत बसले होते. त्यांनी आधी नाकातून एक लांब श्वास घेतला. मग दोन्ही खांदे खाली सोडले. मग "हुश्श" झालं, आणि त्या हुश्शच्या शेपटाला "आता बास". अण्णांचं "आता बास" साऱ्या गल्लीला पाठ आहे. तसं म्हटलं तरी माणूस थांबत मात्र नाही. उठतो आणि पुढचं काम धरतो. त्या दिवशीही उठले, सिद्धेश्वरीच्या दुकानात गेले, सदऱ्याचं बटण सोडून करंडा दाखवला, खिशातली दोरी दाखवली, आणि म्हणाले, "आता आलोयच तर अर्धा किलो साखर दे."

बोलणं त्यांचं नेहमी ओरडूनच. सारा जन्म मागाच्या खडखडाटात गेला. टॉवेलच्या एका कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग ठीक करणारे. चाळीस मागांत एकाचा ठोका चुकला तर तेवढा एकच त्यांना ऐकू यायचा. घरात बायको शेजारून हाक मारते ती मात्र नाही. मालकानं माग भंगारात काढले तेव्हा अण्णा साठीत होते. खांदा आधीच गेला होता, एक गुडघा निम्मा गेला होता. घरी बसून झोपा काढायच्या असं ठरवून ते घरी आले, आणि आठ दिवसांत कुणाचा तरी पंखा उघडून बसले.

गाडी मात्र हौसेनं घेतलेली नव्हती. ती घेतली रत्नम्माकाकूंसाठी. काकूंचा उजवा पाय ऑपरेशननंतर सरळच राहिला. गुडघ्यात वाकत नाही. तो पाय घेऊन रिक्षात बसता येत नाही, बसच्या पायऱ्या चढता येत नाहीत, आणि रेल्वेचं तर नावच नको. पुण्याहून मुलगा नंदीश फोनवर सांगायचा, "पप्पा, कॅब बुक करा ना, प्लीज. सिंपल आहे." तेही करून झालं होतं. कॅबच्या मागच्या सीटवर काकू आडव्या बसल्या, पाय लांब केला, आणि दार काही लागेना. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, पाय जरा आत घ्या की." काकू म्हणाल्या, "घडी घालून पिशवीत ठेवू काय रे?"

म्हणून ती जुनी पांढरी अँबॅसिडर. तिच्या मागच्या सीटवर काकू पाय पसरून, पाठीला उशी लावून अशा बसायच्या की जणू घरच्याच बाजेवर. एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून अण्णांनी ती आणली. रंग उडालेला, सीट फाटलेली, पण इंजिन गोड. फक्त आधीच्या कुणीतरी कॉईल काढून थेट इंजिनावरच बसवली होती, वायर आखूड लागते म्हणून.

काकूंना जायचं असायचं एकाच ठिकाणी. अक्कलकोटला, धाकट्या बहिणीकडे. ईरम्मा तिचं नाव, पण काकू तिला तंगीच म्हणायच्या, कानडीत धाकटी बहीण. तिला आता डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, त्यामुळे तिचं येणं बंद. दोघी रोज फोनवर बोलायच्या, निम्मं कानडीत, निम्मं मराठीत, आणि निम्मा वेळ नुसत्या एकमेकींचं "हां, हां" ऐकत.

पहिल्यांदा निघाले ते कुंभारीच्या पुढं बंद पडले.

त्याला कारण अण्णांची जुनी सवय. मागावर जिथं जिथं ठोका बसतो तिथं जॉबर चामड्याचा तुकडा घालतो. चामडं ठोका खातं, लोखंड वाचतं. अण्णांनी कॉईलच्या पट्टीखालीही म्हशीच्या चामड्याची गादी घातली. मागाला जे चालतं ते गाडीला का नाही चालणार? पण माग असतो थंड. गाडीचं इंजिन तापलं, चामडं वाळलं, आकसलं, पट्टी ढिली झाली, डबी गर्रकन फिरून उलटी लटकली आणि मधली जाड वायर निघून आली. अण्णांनी ती परत खोचली, गाडी वळवली, घरी आले. काकू म्हणाल्या, पहिल्यांदा होतं असं.

दुसऱ्या वेळी अण्णांनी चामडं फेकून दिलं आणि पट्टी आवळली. आवळली म्हणजे किती? खांदा दुखेपर्यंत, आणि त्यावर अजून एक पिळा. वळसंगजवळ 'कट्' असा आवाज झाला. पट्टी बोल्टच्या भोकापाशी चिरली होती, आणि डबी इतकी चेपली होती की तिच्या बुडातून तेल पाझरत होतं.

एप्रिलचं ऊन. झाड नाही. काकूंनी मागचं दार उघडलं, पाय बाहेर काढला आणि बसल्या, हातात काठी, डोक्यावर पदर. अण्णा बॉनेटमध्ये कमरेपर्यंत आत. अक्कलकोटला चालत निघालेली कुठलीशी भाविक मंडळी रस्त्यानं जात होती. त्यातली एक बाई थांबली, काकूंकडे कळवळून बघितलं, दोन केळी त्यांच्या ओटीत ठेवली आणि नमस्कार करून पुढं गेली.

काकूंना काय झालं ते कळेपर्यंत बाई लांब गेली होती.

"अहो."

अण्णांना ऐकू गेलं नाही.

"अहो! भिकारीण समजून केळी देऊन गेली की मला!"

अण्णांनी बॉनेटमधून तोंड बाहेर काढलं. तोंडभर काळं. "काय?"

"केळी!"

"केळी? कुठली? आण की एक, सकाळधरनं चहाच हाय पोटात."

रस्त्याच्या कडेला दोघांनी एकेक केळं खाल्लं. मग अण्णांनी खिशातली दोरी काढून कॉईल बांधली, आणि हेच दृश्य सिद्धेश्वरीच्या भाच्यानं मोटारसायकलवरून जाता जाता बघितलं. गाडी रडतखडत घरी आली. दारात उतरताना काकू म्हणाल्या, "साकु. बस झालं. परत ह्या गाडीत बसवायचं नाव काढलंत तर बघा. मी काय रस्त्यावर दान घ्यायला बसणारी बाई न्हाय."

आणि नेमका त्याच आठवड्यात ईरम्माचा फोन आला. तिचा मुलगा बसवेश तिला बंगळुरूला न्यायला येणार होता. त्याची नोकरी तिकडं. अक्कलकोटचं घर बंद करायचं, सोमवारी पहाटे निघायचं.

"अक्का, येतीस की न्हाय?"

काकूंनी फोन कानाला नुसता धरून ठेवला. तिकडून परत, "अक्का? हाईस का?"

"हाय गं, तंगी. बघते."

फोन ठेवून त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या. बंगळुरू म्हणजे काय अक्कलकोट नाही. एकीला दिसत नाही, दुसरीचा पाय वाकत नाही. हा रविवार गेला तर दोघींची गाठ परत पडेल अशी कुठली वाट कुणालाच दिसत नव्हती. अण्णांनाही दिसत नव्हती. त्यांनी नाकातून श्वास घेतला, खांदे सोडले, "हुश्श, आता बास" म्हणाले, आणि चेपलेली कॉईल पिशवीत टाकून जुन्या बाजारात सयाजीकडे गेले.

सयाजी मूळचा वैरागचा. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकतो. बोलताना एक डोळा गिऱ्हाइकावर आणि एक रस्त्यावर. त्यानं डबी हातात घेऊन फिरवली.

"अण्णा, ह्यो काय केलाव? लिंबू पिळल्यागत पिळलाव की हिला."

"आधी ढिली ऱ्हायली. मग आवळली."

"कशावर बसवल्याली?"

"इंजिनावर. पहिल्यापास्नं तितंच हाय."

"खाली काय?"

"चामडं घातलं हुतं."

सयाजी हसायला लागला. हसताना तो आधी आवाज न करता हलतो आणि मग एकदम फुटतो. "चामडं! अवो, माग हाय का त्यो? इंजिन आपलं थरथरतंय, तापतंय, आन् तुमी बिचारीला त्याच्याच डोक्यावर बसवताव. तुमाला कुणी रोज तव्यावर बसवून हलवलं तर तुमी तरी ऱ्हाशीला का जाग्यावर?"

"मग कुटं बसवू?"

"बाजूच्या पत्र्यावर. गाडीच्या अंगावर. इंजिन नाचू दे, ही बघत उभी ऱ्हायली पायजे. आन् उभीच बसवा. आडवी न्हाय, उलटी तर न्हायच न्हाय. आत तेल हाय, वायरीचं तोंड वर पायजे."

अण्णांना राग आला नाही. राग यायला अंगात काही लागतं, ते त्या दिवशी नव्हतं. नवी कॉईल आणि नवी पट्टी घेऊन ते उन्हातून घरी आले, पाणी प्याले, आणि भिंतीला टेकून तसेच बसून राहिले. तीस वर्षं जी गोष्ट हाताला बरोबर वाटत आली ती इथं चुकीची निघाली होती, आणि आता हाताला परत शिकवायचं होतं. हात म्हणत होता, झोप.

शनिवारी दुपारी त्यांनी काम धरलं. खोलीतून काकूंना नुसता आवाज येत होता. आधी ड्रिल, मग शिवी, मग कानडीत शिवी.

जागा निवडायलाच वेळ गेला. सायलेन्सरचा पाइप निघतो ती बाजू नको, तिथं झळ लागते. खाली नको, चाकाचं पाणी उडतं. शेवटी बॅटरीच्या वर, आतल्या बाजूच्या पत्र्यावर त्यांनी खडूची खूण केली. पत्रा पातळ होता. नुसता बोल्ट मारला असता तर चार महिन्यांत भोक मोठं झालं असतं. अण्णांनी पाठीमागून लोखंडाची एक जाड चकती लावली, भंगारात गेलेल्या मागाची, आठवण म्हणून ठेवलेली. पट्टी पत्र्यावर, पट्टीत डबी उभी, तोंड वर. बोल्टला स्प्रिंग वॉशर, त्यावर नट, त्यावर दुसरा नट.

मग पाना फिरवायची वेळ आली आणि हात आपोआप खिशाकडे गेला, चामड्यासाठी. अण्णांनी तो खिशापाशी धरला, परत आणला. पाना फिरवला. पट्टी डबीला लागली. अजून थोडा. डबी हलेना. आता हात म्हणत होता, अजून एक पिळा दे, सवयीचा. अण्णांनी पाना खाली ठेवला आणि त्याच्यावर पायच ठेवला, म्हणजे परत उचलला जायला नको.

कॉईल मुठीत धरून त्यांनी हिसका दिला. सारी गाडी हलली. कॉईल हलली नाही.

राहिल्या वायरी. जाड वायर आता लांबवर जाणार होती, इंजिनापासून पत्र्यापर्यंत. त्यांनी ती ताणून लावली, गाडी सुरू केली आणि बॉनेटवर हात टेकून बघत उभे राहिले. इंजिन डुलत होतं, कॉईल गप्प उभी होती, आणि मधली वायर दर डुलण्याला ओढ खात होती. अण्णांनी गाडी बंद केली. ताणलेलं सूत तुटतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी लांब वायर शोधली आणि मध्ये चांगला हातभर झोल ठेवला. परत सुरू केली. आता इंजिन डुललं की झोल हलायचा, आणि वायरीची दोन्ही टोकं जिथल्या तिथं.

ते आत आले. काकू भिंतीकडे तोंड करूनच होत्या.

"झालं," अण्णा ओरडले. त्यांना वाटलं ते हळूच बोलले.

काकूंनी उशी कानावर ओढली.

"ये म्हणत न्हाय मी. झालं, एवढंच सांगायलोय."

आणि ते पंख्याखाली आडवे झाले. हात धुवायचे राहिले ते राहिलेच.

रविवारी सकाळी अण्णा उठले तर काकू इरकल नेसून, केसांना तेल लावून, पलंगाच्या कडेवर बसलेल्या. मांडीवर शेंगाचटणीचा स्टीलचा डबा. काठी हातात. 

"चहा घेऊन निघायचं का उन्हात निघायचं?" एवढंच म्हणाल्या.

काकूंना मागच्या सीटवर बसवायला गल्ली जमली. एकानं उशी दिली, एकीनं पाय उचलला. आणि इथं पैज लागली.

पैज लावणारा मी. अण्णांच्या भिंतीला आमची भिंत आहे. नीलम नगरात ज्याची हुबेहूब नक्कल मला येत नाही असा माणूस नाही, आणि अण्णांची तर माझा हातखंडा. माणसाची नक्कल करायची तर तो पुढच्या क्षणाला काय करणार हे कळावं लागतं. मला ते पक्कं कळलं होतं.

"अण्णा," मी म्हणालो, "तुमी अक्कलकोटपर्यंत बॉनेट उघडल्याशिवाय ऱ्हाणार न्हाय. गाडी बंद नाही पडली तरी उघडणार. कुंभारीला उतरून बघणार, वळसंगला उतरून बघणार. पैज."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "पैज काय?"

"तुम्ही उघडलं तर शेंगाचटणीचा एक डबा माझा."

"आन् न्हाय उघडलं तर?"

"मागा काय पाहिजे ते."

अण्णांनी विचार केला. "माझी नक्कल करतोस म्हणं. पोरं हसतेत म्हणं. न्हाय उघडलं तर ती माझ्यासमोर करायची. इथं, दारात, काकूच्या समोर."

गल्ली ओरडली. मी हात पुढं केला. साक्षीदार रत्नम्माकाकू. त्या खोटं बोलत नाहीत, बोलायची वेळ आली तर गप्प बसतात.

पुढचं सगळं काकूंनी सांगितलेलं.

कुंभारीपर्यंत अण्णा ताठ बसले होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान थोडी पुढं, कान बॉनेटकडे. कुंभारी आली तसा त्यांचा पाय ब्रेककडे गेला. काकूंनी काठी खिडकीवर एकदाच वाजवली. पाय परत आला.

वळसंग जवळ आलं आणि आवाज सुरू झाला. टिक. टिक. टिक-टिक. बारीक, पत्र्याचा, खड्डा आला की जास्त. चाळीस मागांत एकाचा ठोका ओळखणाऱ्या कानानं तो लगेच पकडला. पट्टी!  पट्टी सुटायलीय. नट फिरायलाय. काल अजून एक पिळा दिला असता तर? पण मागच्या वेळी तर पिळ्यानंच चिरली होती. मग चामडं घालायला पाहिजे होतं का?

"आवाज येतोय," ते म्हणाले.

"कसला?" काकू.

"टिक टिक."

"तुमी रस्त्याकडं बघा की."

तीच जागा होती. झाड नसलेली. डावीकडे चालत निघालेली माणसं दिसत होती, डोक्यावर पंचा, हातात पिशव्या. काकूंनी पदर डोक्यावर पुढं ओढून घेतला, आणि ते अण्णांना आरशात दिसलं. त्यांनी गाडी हळू केली. उतरायचं म्हणजे आधी गुडघा. मग बॉनेट उचलायचं म्हणजे खांदा. मग उन्हात वाकून बघायचं, आणि काही असलं तर परत पाना, परत पट्टी, परत ती दोन केळी. अण्णांच्या अंगात एकदम एवढा कंटाळा भरला की तो सांगायला त्यांना शब्द सापडले नाहीत, असं ते नंतर म्हणाले. नाकातून श्वास घेतला. खांदे सोडले.

"हुश्श," ते म्हणाले. "पडली तर पडू दे. आता बास."

आणि या एका वेळी खरंच बास केलं. पाय ब्रेकवरून काढून ऍक्सिलरेटरवर ठेवला. वळसंग मागं गेलं. टिक-टिक चालूच होती. अण्णांनी नंतर तिच्याकडे लक्ष दिलं नाही. म्हणजे दिलं, पण उतरले नाहीत.

अक्कलकोटला ईरम्माच्या दारात गाडी थांबली तेव्हा टिक-टिकही थांबली. ईरम्मा हात पुढं करून, अंदाज घेत, गाडीपाशी आली. घरात सगळं सामान बांधलेलं, बसायला खुर्ची नाही. आणि काकूंना उतरवायचं म्हणजे चार माणसं. तेव्हा ईरम्माच गाडीत चढली. काकूंनी पाय थोडा कडेला घेतला, पायाशी बहीण बसली, आणि दुपारचं ऊन कलेपर्यंत दोघी त्या मागच्या सीटवर होत्या. बसवेशनं भाकरी, पिठलं गाडीतच आणून दिलं. चटणीचा डबा उघडला. ईरम्मा बोटांनी अक्काचा चेहरा चाचपत होती, हनुवटीखालचं कातडं ओढून म्हणत होती, "किती सुकलीस गं." पुढच्या सीटवर अण्णा स्टिअरिंगवर डोकं ठेवून घोरत होते.

निघताना काकूंनी रिकामा डबा बहिणीच्या हातात दिला. "घेऊन जा तिकडं. झाकण जरा ढिलं हाय, वाजतंय. वळसंगला ह्यांना लई छळलं त्यानं."

अण्णा तोवर जागे झाले होते. "म्हंजे त्यो आवाज..."

"डब्याचा."

"तुला माहीत हुतं?"

"माझ्याच मांडीवर हुता की डबा."

"मग सांगायचं की!"

"मला केळी मिळाली तवा तुमी 'आण की एक' म्हणालात," काकू म्हणाल्या, आणि बहिणीचा हात सोडवून घेतला. तो सोडवायला वेळ लागला.

परत येताना गाडी बिनआवाजाची चालली. काकू उशीत तोंड घालून बसल्या होत्या, आणि अण्णांनी आरशात बघायचं टाळलं.

दिवेलागणीला गाडी दारात आली. गल्लीनं आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काकूंकडे बघितलं. त्यांचे डोळे सुजले होते. तरी मान हलवली. "न्हाय उघडलं. एकदाबी न्हाय."

मी म्हणालो, "अण्णा, हे काही खरं नाही. तुम्ही कॉईलवर भरवसा ठेवला म्हणून राहिलात?"

"भरवसा कसला बे," अण्णा खुर्चीत बसत म्हणाले. "उतरायचा कंटाळा आला. चल, कर नक्कल."

पोरं गोळा झाली. सिद्धेश्वरी पदर तोंडाशी धरून आली. काकू पलंगावर पाय लांब करून, दार उघडं ठेवून. मी अण्णांसारखी मान पुढं काढली, खांदे उचलले, नाकातून तो लांब श्वास घेतला.  खांदे सोडले. "हुश्श" म्हणणार एवढ्यात काकूंनी काठी वाजवली. "आखूड झालं. त्यांचा श्वास लांब असतोय. परत कर."

मी परत केलं, लांब श्वासापासून. आणि "आता बास" म्हणून अण्णांकडे बघितलं, तर अण्णा खुर्चीतच झोपले होते, तोंड उघडं, हात मांडीवर, नखांत अजून शनिवारचं काळं. काकू म्हणाल्या, "पैज ती पैज. ते उठले की परत करायची. तोवर बस हितंच." मी बसलो. ते उठले दुसऱ्या दिवशी सकाळी.